सरकी सुटली, माणूस अडकला

वाचकहो, ज्यांच्या घरी कापूस येतो त्यांना हे सांगायला नको, की सरकी निघाल्याशिवाय रुई हाती येत नाही. आज ते काम जिनात होते आणि आपण त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अमेरिकेत मात्र एके काळी सगळे घोडे इथेच अडले होते. तिकडच्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असे. एक माणूस दिवसभर बसला तरी हाताने जेमतेम अर्धा किलो रुई निघे. १७९३ साली एली व्हिटनी नावाच्या तरुणाने दाते असलेले एक हातयंत्र केले, आणि तोच माणूस दिवसाला वीस-बावीस किलो रुई काढू लागला. आम्हांला बी. एस्सी.ला हे यंत्र दोन ओळींत शिकवले होते. त्यापायी पुढे काय झाले, ते कोणी सांगितले नाही. म्हणून आज ते सांगतो.

गुलामगिरी तिथे आधीपासून होती. आफ्रिकेतून माणसे पकडून, जहाजाच्या तळाशी कोंबून आणायची आणि तंबाखूच्या व भाताच्या मळ्यांवर राबवायची, ही रीत जुनी. उत्तरेकडच्या राज्यांतही गुलाम होते. पण अठरावे शतक संपत आले तेव्हा व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या जमिनी थकल्या होत्या, उत्तरेकडची राज्ये एकेक करून ही चाल बंद करीत होती. ती आपोआप मरेल, असे पुष्कळ शहाण्यांना वाटे. १७८७ साली राज्यघटना लिहिताना त्यांनी हा प्रश्न सोडवला नाही, झाकून ठेवला.

यंत्र आले आणि हिशेब फिरला. सरकी काढणे सोपे झाले, पण लागवड, खुरपणी आणि वेचणी हातानेच राहिली. इंग्लंडच्या गिरण्या तोंड वासून बसल्या होत्या. जितका कापूस वेचाल तितका खपत होता. म्हणजे काम वाचवणाऱ्या यंत्राने राबणाऱ्या हातांची मागणी वाढवली. १७९० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते जवळजवळ चाळीस लाख झाले. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, तेव्हा देशातल्या देशात बाजार भरू लागला. व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसे अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे विकली जाऊ लागली. आईपासून लेकरू तोडले जाई, नवऱ्यापासून बायको. कायद्याला त्यांचे लग्नच मान्य नव्हते. रोज संध्याकाळी प्रत्येकाचा कापूस तोलायचा, ठरलेल्या वजनाला कमी भरला तर चाबूक. मायबहिणींनो, तुमच्यापैकी कित्येक जणी वजनावर कापूस वेचतात. कंबर कशी मोडते ते तुम्हांला ठाऊक आहे. तिथे त्याची मजुरीही नव्हती.

आता माझ्या विषयाकडे येतो, तो म्हणजे जमीन. यादवीचे मूळ गुलामगिरीत होते, यात शंका नाही. पण भांडण पुन्हा पुन्हा उफाळले ते नव्या जमिनीवरून, आणि नवी जमीन लागत होती कारण जुनी पिळून काढली जात होती. वर्षानुवर्षे कापसावर कापूस, फेरपालट नाही, शेणखत नाही, उताराच्या रानाला बांध नाही. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनात कितीतरी माती पावसाबरोबर वाहून गेली. मळेवाल्याला जुनी जमीन सुधारण्यापेक्षा नवी घेणे स्वस्त पडे. त्याचे मोठे भांडवल जमिनीत नव्हतेच, ते माणसांत होते, आणि माणसे साखळीला बांधून पुढच्या मुलखात नेता येत. १८३० च्या कायद्याच्या आधाराने चेरोकी, चोक्टॉ, क्रीक अशा तिथल्या मूळच्या लोकांना गावांतून उठवून मिसिसिपी नदीपलीकडे धाडले. त्यांच्या जमिनीवर कापूस उभा राहिला. तीही पुरेना.

उत्तरेकडे घरच्या माणसांनी कसायची गहू-मक्याची शेती, आणि जोडीला कारखाने, रेल्वे, शाळा. तिथला शेतकरी काळ्या माणसावर फार माया करणारा होता, असे समजू नका. तिकडच्या गिरण्या आणि न्यूयॉर्कचे व्यापारी याच कापसावर गबर झाले होते. पण त्यालाही पोराबाळांसाठी पश्चिमेची जमीन हवी होती. शेजारी शंभर गुलामांचा मळा आला, तर घरच्या चार हातांनी टिकाव कसा धरायचा?

मुलूख नवा वसला की त्याचे राज्य होई, आणि प्रत्येक राज्याचे दोन सभासद सेनेटमध्ये जात. त्यामुळे राज्य गुलामीचे की मुक्त, यावर दिल्लीसारख्या त्यांच्या राजधानीतले पारडे ठरे. १८१९ मध्ये दोन्ही बाजूंना अकरा-अकरा राज्ये होती. १८२० साली मिसूरी गुलामीचे आणि मेन मुक्त असे घेऊन तोल राखला, आणि पश्चिमेच्या नकाशावर एक रेघ ओढली : रेघेच्या खाली गुलामी चालेल, वर नाही. जमिनीच्या वादात मोजणीदार खुणेचा दगड रोवतो आणि दोन्ही भाऊबंद मनात म्हणतात की बघू पुढे, तसेच ते झाले. १८५० साली कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले. त्या बदल्यात पळून आलेला गुलाम उत्तरेतूनही पकडून परत द्यायचा कडक कायदा आला. तोवर दूरची वाटणारी गोष्ट उत्तरेच्या लोकांना आता आपल्याच रस्त्यावर दिसू लागली. १८५४ मध्ये कॅन्ससने स्वतः मत देऊन ठरवावे असे झाले, तर दोन्हीकडची माणसे बंदुका घेऊन तिथे वसायला गेली आणि रक्त सांडले. १८५६ मध्ये एका दक्षिणी सभासदाने चार्ल्स सम्नर या उत्तरेच्या सेनेटरला सभागृहातच काठीने बेशुद्ध होईतो मारले. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जुनी रेघच बेकायदा ठरवली.

प्रत्येक तडजोडीने चार वर्षे मिळाली, हे खरे. पण त्या वर्षांत गुलामांची संख्या वाढली आणि त्यांची किंमतही. १८६० मध्ये ती सुमारे तीनशे कोटी डॉलर धरली जाते, म्हणजे त्या देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखाने यांहून जास्त. एवढी रक्कम ज्यात अडकली आहे, त्याला पाप म्हणायला तोंड उघडत नाही. मग दक्षिणेचे पुढारी आणि धर्मोपदेशकही गुलामगिरी चांगलीच आहे असे शिकवू लागले. मेथडिस्ट पंथ १८४४ ला आणि बॅप्टिस्ट पंथ १८४५ ला याच प्रश्नावर उत्तर-दक्षिण असा फुटला. एका देवाचे नाव घेणारे एकत्र बसेनात, तेव्हाच खरे तर ओळखायला हवे होते.

तुम्ही विचाराल, दक्षिणेत बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता, मग ती का लढली? काहींना उद्या आपणही मालक होऊ अशी आशा होती. काहींना गुलाम सुटले तर सूड घेतील असे भय होते. आणि कितीही गरीब असला तरी गोरा काळ्यापेक्षा वरचा, एवढा मोठेपणा त्याला फुकट मिळत होता. त्यावर 'आपला मुलूख, आपला मान' ही फोडणी पडली की गरिबाचे पोर श्रीमंताच्या मळ्यासाठी मरायला तयार होते.

१८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन निवडून आले. गुलामी नव्या मुलखात पसरू द्यायची नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. डिसेंबरात साउथ कॅरोलिना फुटले, मग एकूण अकरा राज्ये. १२ एप्रिल १८६१ ला पहिली तोफ उडाली. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, त्यांतले निम्म्याहून जास्त गोळीने नव्हे, हगवण आणि तापाने.

दक्षिणेची बंदरे अडली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरांचा जुगार माजला. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळला, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. तेजीत वाढलेले कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले, त्यामागे वाढलेल्या साऱ्याबरोबर हेही एक कारण होते. त्याआधी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना अर्पण केला होता.

१८६५ च्या डिसेंबरात घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. सुटलेल्या माणसांना जमीन मिळेल अशी आशा होती. काही ठिकाणी चाळीस-चाळीस एकर वाटलीही होती. लिंकननंतरच्या अध्यक्षांनी त्यातली बहुतेक मळेवाल्यांना परत दिली. मग तीच माणसे त्याच रानात बटाईने कापूस करू लागली. बियाणे, मीठ, पीठ, कापड सगळे दुकानातून उधार, आणि तारण म्हणून उभे पीक. दुकानदार म्हणे, कापूसच लाव, मक्यावर मी उधारी देत नाही. हंगाम संपला की खाते बघायचे, आणि ज्याला वाचता येत नव्हते त्याने दुकानदार वाचील ते ऐकायचे.