बैलाचा किस्सा पुरे, फिटरचा सांगा!

व्ही. शांताराम म्हटलं की एक किस्सा हमखास ऐकायला मिळतो. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ'. दिग्दर्शक तेच, नायकही तेच. बैलाशी झुंजीचा प्रसंग त्यांनी स्वतः केला आणि डोळ्यांना जबर इजा झाली. डोळ्यांना पट्टी बांधून पडून राहावं लागलं. नंतर दृष्टी परत आली आणि १९५९ मध्ये त्यांनी 'नवरंग' दिला.

किस्सा खरा आहे. माझं भांडण आपण त्यातून जे उचलतो त्याच्याशी आहे. "याला म्हणतात डेडिकेशन!" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मित्रांनो, तो अपघात होता! पिक्चर मोठा झाला तो औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेल्या आणि गदिमांनी लिहिलेल्या कथेमुळे. डोळे शाबूत राहिले असते तरी तो तितकाच मोठा झाला असता.

खरे किस्से वेगळेच आहेत, आणि ते आपल्या लाइनचे आहेत. शांताराम सिनेमात येण्याआधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटरचं काम करायचे आणि संध्याकाळी थिएटरात पडेल ते काम. मग कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकले. १९२९ मध्ये 'प्रभात' उभी राहिली तीही एकट्याने नाही. दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी असे भागीदार सोबत होते. आवाज, सेट, कॅमेरा, पैसा... प्रत्येक खात्याला जाणता माणूस!

१९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. प्रिंटसाठी जर्मनी गाठली, तरी रंग जमले नाहीत. खचले का? पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन'मध्ये टेलिफोटो लेन्स लावून राजगुरूचा नुसता डोळा पडद्यावर दाखवला. १९३७ च्या 'कुंकू'त पार्श्वसंगीतच काढून टाकलं, कथेतल्या वस्तूंचे आवाज तेवढे ठेवले. रंगाचं स्वप्न 'झनक झनक पायल बाजे'ने पुरं केलं, १९५५ साली. म्हणजे बावीस वर्षांनी! आपला प्रोजेक्ट एकदा चालला नाही की आपण गाइड बदलायला निघतो.

आपल्या नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट आहेत. प्लायवूडचा वाडा उभा करणारे सुतार, उंचावर दिवे बांधणारे लाइटमन यांच्या जिवावर तो पडदा उजळतो. नायक पडला तर बातमी होते. लाइटमन पडला तर? त्याच्या पडण्याला कोणी डेडिकेशन म्हणत नाही. मग आपण तरी अपघाताला शौर्याचं लेबल का लावतो?

हॉस्टेलवरही हेच चालतं. गॉगल न घालता ग्राइंडिंग केलं, दोन रात्री जागून सबमिशन केलं, असं कॉलर ताठ करून सांगणारे हीरो प्रत्येक मजल्यावर सापडतील. मेसमध्ये त्यांच्या गोष्टी रंगतात. जर्नल वेळेवर पुरं करणाऱ्या आणि मशीन बंद करून मगच जॉबला हात लावणाऱ्या पोराची गोष्ट मात्र कोणी ऐकत नाही. पुढे साइटवर दहा माणसं आपल्या हाताखाली असतील तेव्हा ती आपल्याकडूनच शिकणार आहेत.

शांतारामांना १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तो अनेक दशकांच्या कामासाठी. त्यांचं नाव घ्यायचंच असेल तर बावीस वर्षांच्या चिकाटीसाठी घ्या. आणि वर्कशॉपमध्ये जाताना गॉगल घ्या!