तज्ज्ञाची साक्ष आणि न्यायाधीशाचा विवेक

खुनाच्या खटल्यात साक्षीदार दोन प्रकारचे असतात. एक, ज्याने काही पाहिले वा ऐकले असा. आणि दुसरा, ज्याने घटनेतले काहीच पाहिलेले नसते, परंतु आपल्या विद्येच्या बळावर जो तिच्याविषयी मत देतो असा. पहिल्याची उलटतपासणी कशी घ्यावी हे तालुक्याच्या न्यायालयातील नवशिक्या वकिलासही ठाऊक असते. दुसऱ्यापुढे मात्र भलेभले गांगरतात. पदव्यांची माळ, शास्त्राची परिभाषा आणि प्रयोगशाळेचा शिक्का यांच्यापुढे शंका विचारणे हेच जणू अज्ञानाचे लक्षण ठरते. हा दबदबा यापुढे वाढतच जाणार आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा असा दंडक घातला असून, त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. पण तज्ज्ञ न्यायालयात आला म्हणजे सत्य आले, अशी भाबडी समजूत त्याबरोबर येणार असेल तर ती वेळीच दूर केलेली बरी. त्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्याच पुण्यातील एका खटल्याचे स्मरण पुरेसे आहे.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री लक्ष्मीबाई कर्वे या पुण्यातील विधवा बाई आपले वैद्यकीय सल्लागार डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यासमवेत मुंबईस जाण्यासाठी आगगाडीत बसल्या. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेण्यात आले. तेथील दप्तरात त्यांचे नाव भलतेच लिहिले गेले, आणि १३ तारखेस दुपारपूर्वीच त्यांचा अंत झाला. प्रेतावर हक्क सांगण्यास कोणी आले नाही. शवचिकित्सा झाली ती तब्बल दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला. इकडे पुण्यात बाईंच्या आप्तेष्टांना पत्रे येत राहिली, की त्यांनी पुनर्विवाह केला असून त्या दूरच्या गावी सुखाने नांदत आहेत! ही पत्रे बनावट होती, आणि बाईंचा पैसाअडका डॉक्टरांच्या हाती गेला होता, असे न्यायालयात सिद्ध झाले.

आता या खटल्यातील तज्ज्ञांची बाजू पाहावी. व्हिसेऱ्याच्या रासायनिक तपासणीत कोणतेही विष आढळले नाही. शवचिकित्सा करणाऱ्या तज्ज्ञांनी प्रारंभी मृत्यू मधुमेहजन्य मूर्च्छेने आला असू शकेल असे मत दिले. तपासात उघडकीस आलेली सारी हकीकत समोर आल्यानंतर, शोध न लागणाऱ्या विषाने मृत्यू आला असावा, याकडे ते वळले. रुग्णालयातील कागदांवर लघवीत अ‍ॅसिटोन सापडल्याची जी नोंद होती तिच्या विश्वसनीयतेविषयीही वाद माजला. कारण ती नोंद खरी मानली तर मधुमेहाच्या तर्कास बळ येत होते, खोटी मानली तर तो तर्क लंगडा पडत होता. म्हणजे शरीर एक, लक्षणे तीच, आणि निष्कर्ष दोन. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी अपील फेटाळले.

बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की विषप्रयोग हा गुपचूप केला जाणारा गुन्हा आहे. प्रत्येक विष सापडेलच इतकी शास्त्राची मजल गेलेली नाही. आणि परीक्षानळीत काही दिसले नाही एवढ्यावर जर आरोपी सुटू लागला, तर विषांचे सर्वाधिक ज्ञान असलेला गुन्हेगारच कायद्याच्या आवाक्याबाहेर राहील. म्हणून मृत्यूपूर्वीचे व नंतरचे वर्तन, खोटी पत्रे, लुबाडणूक, सांगावयाच्या गोष्टी दडवणे, ही सारी परिस्थिती एकत्र गुंफून पाहिली पाहिजे. न्या. सरकार यांना हे पटले नाही. आरोपी अप्रामाणिक होता हे मान्य करूनही, मृत्यू अनैसर्गिक होता हेच मुळात सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला.

या दोन मतांपैकी कोणते ग्राह्य, असा प्रश्न आम्हास कोणी केला तर आम्ही उत्तर टाळणार नाही. आमच्या मते तर्काच्या कसोटीवर बहुमताचे विवेचन टिकते. रासायनिक तपासणीचे ‘नाही’ म्हणजे ‘विष नव्हते’ असे नव्हे. ज्या विषांची चाचणी झाली ती त्या वेळी, त्या अवस्थेतील अवयवांत सापडली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. दहा दिवसांच्या विलंबाने तो अर्थ आणखी दुबळा होतो. स्वतःच्या रुग्णाचे निधन लपवून, ती जिवंत आहे असा देखावा उभारणारा वैद्य नैसर्गिक मृत्यूचा आधार घेऊ पाहतो, तेव्हा त्याचे वर्तनच त्याच्याविरुद्ध बोलते. परंतु येथेच आम्हास थांबणे भाग आहे. तीन न्यायमूर्तींपैकी एकास खून झाला की नाही याचीच शंका असताना, आणि तज्ज्ञाच्या मताने मध्येच कूस बदललेली असताना, जी शिक्षा एकदा अमलात आल्यावर परत घेता येत नाही ती कायम करणे, हे आमच्या विवेकास मानवत नाही. अपराध ठरवण्यास पुरेसा असलेला पुरावा दोर ओढण्यास पुरेसा असतोच असे नाही. जन्मठेपेने न्याय झाला असता, आणि शास्त्राला पुढे आपली चूक दुरुस्त करावीशी वाटली असती तर त्यास वावही राहिला असता.

योगायोग असा, की विषाच्याच संदर्भात या प्रश्नाची दुसरी बाजूही पुण्याच्याच खटल्यात पुढे आली. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. तेथे विषाचे नाव निश्चित होते, पोटॅशियम सायनाइड. ते दिले गेले की घेतले गेले, हे मात्र ठरत नव्हते. कनिष्ठ व उच्च अशा दोन्ही न्यायालयांनी दिलेली फाशी रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस निर्दोष सोडले, आणि केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर दोषी ठरवण्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. न्यायालयांत त्या ‘पंचशील’ म्हणून ओळखल्या जातात. एका खटल्यात प्रयोगशाळा मुकी राहिली तरी दोष सिद्ध झाला; दुसऱ्यात ती स्पष्ट बोलली तरी झाला नाही. प्रयोगशाळेचे उत्तर आणि न्यायालयापुढील प्रश्न हे एकच नसतात, हा याचा इत्यर्थ.

तज्ज्ञाचे मौन जितके फसवे, तितकेच त्याचे छातीठोक बोलणेही फसवे असते. १९९९ मध्ये इंग्लंडात एका स्त्रीवर स्वतःच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाचा खटला चालला. बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी सांगितले, की तशा सुखवस्तू कुटुंबात दोन अर्भके आपोआप दगावण्याचा संभव सात कोटी तीस लाखांत एक. ही संख्या कशी निघाली? एका मृत्यूचा संभव ८,५४३ मध्ये एक मानून तिचा वर्ग केला, एवढेच! एकाच घरातील भावंडांची प्रकृती, रक्त आणि परिस्थिती एकमेकांशी निगडित असू शकते, हा साधा विचार त्या गुणाकारात नव्हता. तेथील संख्याशास्त्राच्या राजमान्य संस्थेने २००१ मध्ये जाहीर आक्षेप घेतला. पुढे, एका मुलाच्या जंतुपरीक्षेचे अहवाल बचाव पक्षास दाखवलेच नव्हते, हेही बाहेर आले, आणि २००३ मध्ये ती स्त्री सुटली. पण तीन वर्षांहून अधिक काळ ती तुरुंगात होती. आकड्याने दिपलेल्या पंचांना कोणी विचारलेच नाही, की हा हिशेब मांडला कसा?

शाळेत गणित शिकवणारा कोणताही मास्तर नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलास पूर्ण गुण देत नाही. रीत दाखव म्हणतो. न्यायालयाने तज्ज्ञाकडून याहून कमी मागावे काय? २०२२ मध्ये दिल्लीच्या छावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. डीएनए अहवालातील निष्कर्षांचा आधार काय आणि तंत्र विश्वसनीय रीतीने वापरले गेले काय, याची चौकशी खालच्या दोन्ही न्यायालयांनी केलेली नाही, असे सांगून त्याने फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना मुक्त केले. त्या निकालाने देशात संताप उसळला. तो समजण्यासारखा आहे; एका तरुण मुलीचा बळी गेला होता. परंतु तो संताप न्यायालयापेक्षा निष्काळजी तपासावर आणि प्रश्न न विचारणाऱ्या व्यवस्थेवर निघावयास हवा होता. अपुऱ्या पुराव्याने मेलेल्याला न्याय मिळत नाही, जिवंताला मात्र अन्याय मिळू शकतो.

म्हणून आमच्या सूचना स्पष्ट आहेत. पहिली, प्रयोगशाळा पोलीस खात्याच्या वर्चस्वापासून खरोखर स्वतंत्र असाव्यात. तपास अंमलदाराला हवे ते उत्तर मिळवून देणे हे त्यांचे काम नव्हे. दुसरी, प्रत्येक अहवालात केलेल्या चाचण्या, न केलेल्या चाचण्या, चुकीचा संभव आणि मत बदलले असल्यास त्याचे कारण लिहिणे सक्तीचे असावे. तिसरी, सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल त्याला साक्षीस न बोलावताही वाचता येतो, ही सवलत नव्या संहितेच्या कलम ३२९ मध्येही कायम आहे. ज्या खटल्यात फाशीची शिक्षा होऊ शकते तेथे ती वापरू नये. चौथी, गरीब आरोपीस सरकारी खर्चाने वकील मिळतो, तसा तज्ज्ञही मिळावा. एकाच बाजूला शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला केवळ वकिली, ही लढत समान नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की आधीच रखडलेले खटले याने आणखी रखडतील. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर प्रयोगशाळांत माणसे आणि साधने वाढवणे हे आहे. प्रश्न कमी विचारणे हे नव्हे. घाईने झालेला चुकीचा निकाल वर्षानुवर्षे अपिलांत फिरत राहतो, हे छावला खटल्यात दिसलेच.

कायद्याने तज्ज्ञाच्या म्हणण्यास ‘मत’ हाच शब्द वापरला आहे. १८७२ च्या अधिनियमात तो होता आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. मताचा आदर करावा, त्याचे कारण विचारावे आणि मग निर्णय स्वतः द्यावा. ती जबाबदारी न्यायासनाची आहे, आणि ती प्रयोगशाळेकडे सोपवता येणार नाही.