यंदाची सहल : सकाळी संग्रहालय, दुपारी टेनिस

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत एकच प्रश्न सुरू होतो, "बाई, यंदा सहल कुठे?" आणि बहुतेक वर्षी उत्तरही एकच असते. एखादे वॉटर पार्क, नाहीतर पाळण्यांची बाग. बस भरते, मुले मनसोक्त भिजतात, संध्याकाळी पेंगत घरी परततात. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगितला, तर सगळ्या वह्यांत एकच वाक्य सापडते : "आम्ही खूप मजा केली." मजा झाली हे खरेच, आणि मजेला माझा विरोध नाही. पण त्या वाक्याच्या पुढे दुसरे वाक्य येत नाही, ही माझी खंत आहे.

म्हणून सहावी-सातवीच्या सहलीसाठी मी एक सूचना मांडली आहे. पुढच्या पालकसभेत तिच्यावर निर्णय व्हायचा आहे, तेव्हा त्याआधी माझी बाजू इथे लिहिते. सूचना साधी आहे. इंदुरात एखादी व्यावसायिक टेनिस स्पर्धा असेल त्या आठवड्यातला एक दिवस निवडायचा. सकाळी केंद्रीय संग्रहालय पाहायचे, दुपारी टेनिसचा सामना. शहराबाहेर जायचेच नाही.

"हे संग्रहालय तर इथेच आहे, त्यासाठी सहल कशाला?" असे एका आईने मला विचारले. मी सातवीच्या वर्गात विचारून पाहिले, किती जणांनी ते आतून पाहिले आहे? तीन-चार हात वर झाले. आग्रा-मुंबई रस्त्यावर, जीपीओजवळची ती इमारत आपली मुले बसच्या खिडकीतून रोज पाहतात, पण आत पाऊल पडत नाही. 'इथेच तर आहे, कधीही जाऊ' म्हणता म्हणता शाळा संपते.

होळकरांच्या काळात सुरू झालेल्या या संग्रहालयात मंदसौर जिल्ह्यातल्या हिंगलाजगढहून आणलेली परमारकालीन शिल्पे आहेत. हजारेक वर्षांपूर्वीच्या त्या दगडांत दागिन्याचा एकेक मणी वेगळा दिसतो. शिवाय जुनी नाणी आहेत. आपली घरे ज्या होळकरांच्या मागोमाग माळव्यात आली, त्यांचा इतिहास मुलांनी फक्त राजवाड्यासमोर फोटो काढून शिकावा का?

मात्र 'चला, चला, पुढे चला' करत सगळी दालने पायाखाली घालायची नाहीत. प्रत्येक मुलाने एकच शिल्प निवडावे, त्याच्यासमोर वीस मिनिटे बसावे आणि वहीत त्याचे चित्र काढावे. चित्र वाकडेतिकडे आले तरी चालेल. चित्र काढायला बसले की डोळा आपोआप बारकाईने पाहू लागतो. हे ज्या गावात देवळालीकर मास्तरांनी चित्रकला शिकवली, जिथे १९१० साली नारायण श्रीधर बेंद्रे जन्मले, त्या गावच्या मुलांना जमणार नाही असे मी मानत नाही.

आता टेनिस. "हा तर श्रीमंतांचा खेळ, मुलांना क्रिकेटच आवडते," असे काही पालक म्हणतात. त्यांना मी २०१४ सालची आठवण सांगते. ३१ जानेवारीला इंदूर टेनिस क्लबवर डेव्हिस चषकाची भारत विरुद्ध चायनीज तैपेई ही लढत सुरू झाली. शुक्रवार होता. अर्धी रजा टाकून मी भाच्याला घेऊन गेले. सोमदेव देववर्मनचा सामना पाचव्या सेटपर्यंत ताणला. ७-७ अशी बरोबरी असताना उजेड कमी पडला आणि खेळ थांबवावा लागला. भाचा घरी येऊन नीट जेवला नाही. "मावशी, उद्या जायचेच," एवढाच धोशा. दुसऱ्या दिवशी उरलेले जेमतेम दोन गेम झाले आणि सोमदेवने ९-७ असा सेट जिंकला. पुढे भारताने ती लढत ५-० अशी जिंकली. पण भाच्याला आजही आठवतो तो ५-० हा आकडा नव्हे, तर सर्व्हिसच्या आधीची ती शांतता. एवढी माणसे बसलेली आणि कोणी खोकतसुद्धा नाही! दूरदर्शनच्या पडद्यावर चेंडू दिसतो, ही शांतता दिसत नाही.

त्याच वर्षी इथे एटीपीची चॅलेंजर स्पर्धा झाली, आणि आयटीएफच्या स्पर्धाही इंदुरात झाल्या आहेत. तिथे फेडरर-नदाल येत नाहीत, हे मान्य. पण अशा स्पर्धांत प्रेक्षक खेळाडूच्या अगदी जवळ बसतो. हरलेला खेळाडू टॉवेलात तोंड लपवतो आणि दोन मिनिटांनी उठून प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायला जातो, हे मुलांना हातभर अंतरावरून दिसते. परीक्षेत दोन गुण कमी पडले की जेवण टाकणाऱ्या मुलांनी हे पाहायलाच हवे.

संग्रहालय आणि टेनिस यांची ही जोडी काहींना विचित्र वाटते. मला नाही वाटत. दोन्ही ठिकाणी गप्प बसून, नीट पाहावे लागते. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि मुलांना दर अर्ध्या मिनिटाला नवीन काहीतरी दिसायला हवे असते. एकाच गोष्टीकडे टक लावून पाहण्याची सवय मोडत चालली आहे, हे वर्गात आम्हा शिक्षकांना रोज जाणवते. ती सवय भाषणाने लागत नाही. तिच्यासाठी पाहण्यासारखे काहीतरी समोर ठेवावे लागते.

आक्षेप दोन आहेत. मुले कंटाळतील, हा पहिला. काही कंटाळतील. म्हणूनच पूर्ण दिवस एका ठिकाणी ठेवलेला नाही. सामनाही दोनच तास पाहायचा आणि जाण्याआधी वर्गात गुण मोजण्याची पद्धत शिकवायची. पंधरा, तीस, चाळीस हे गणित कळले नाही तर खेळ कळत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. खरे तर खर्च कमीच होईल. लांबचा प्रवास नाही, पाळण्यांची महाग तिकिटे नाहीत. सकाळी शाळेतच पोहे-जिलेबी, दुपारी घरचा डबा. संग्रहालय सोमवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. ज्या वर्षी इथे स्पर्धा नसेल, त्या वर्षी धारला जाऊन शिल्पकार र. कृ. फडके यांचा स्टुडिओ दाखवता येईल. मुंबईच्या चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारा हा मराठी माणूस धारमध्ये स्थायिक झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

सुट्टीत पुण्याला आजोळी जाणाऱ्या घरांनाही एक सुचवावेसे वाटते. बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची मोठी स्पर्धा होत असे, २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे चॅलेंजर स्पर्धा झाली. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका माणसाने आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभे केलेले, दिवे, अडकित्ते, दऊती यांनी भरलेले. आजीच्या घरातल्या वस्तू तिथे काचेमागे पाहून मुले आजीलाच प्रश्न विचारू लागतात.

वॉटर पार्क कायमचे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. एक वर्ष ते, एक वर्ष हे, असे करू. पालकसभेत हात वर करताना एवढाच विचार करावा, की सहलीहून परतलेल्या आपल्या मुलाच्या निबंधात दुसरे वाक्य यावे असे आपल्याला वाटते की नाही. ते वाक्य काय असेल, हे मला ठाऊक नाही. ते वाचण्याची मात्र मला उत्सुकता आहे.