मुलीला शाळेतून काढलं, तर उरलेल्या अकराजणांचं काय?



शाळा सुरू व्हायला आठवडा उरलाय. घरोघरी दप्तर, रेनकोट, वह्यांना कव्हरं घालणं सुरू आहे. अशात चळवळीतल्याच एका जोडप्याने सांगितलं, "यंदा पोराला शाळेत पाठवणार नाही. घरीच शिकवणार." पोरगा तिसरीत गेला असता. दोघं शिकलेले, चांगल्या पगाराचे. घरात वेळापत्रकही लागलंय: सकाळी वाचन, मग गणित, दुपारी चित्रकला, आठवड्यातून एकदा संग्रहालय. पुढे मुक्त विद्यालयातून दहावी. कारण विचारलं, तर म्हणाले, "शाळेत आपल्या मुलांना मिळतं काय? अपमानच ना?"

हा सवाल खोटा नाही. म्हणूनच त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

माझी मुलगीही यंदा तिसरीत जातेय. गेल्या वर्षी एक दिवस घरी आली आणि दप्तर न काढताच विचारलं, "आई, एससी म्हणजे काय गं?" वर्गात विद्यार्थ्यांची माहिती भरायचं काम चाललं होतं. बाईंनी यादी बघून नावं घेतली आणि "एससीची मुलं उभी राहा" म्हणाल्या. बारा मुलं उभी राहिली. बाकीचा वर्ग त्यांच्याकडे बघत राहिला. सात वर्षांच्या पोरांना जात कळायला एवढं पुरतं.

त्या रात्री माझ्याही मनात तेच आलं, काढून टाकू. मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, दुसरी-तिसरीचा अभ्यास मला जड नाही. पण झोप लागेना, कारण हिशेब जुळत नव्हता. माझी मुलगी घरी आली, तरी वर्गात अकरा मुलं उभीच राहणार होती. त्यातल्या कुणाची आई धुणीभांडी करते, कुणाचा बाप नाक्यावर कामाची वाट बघतो. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी कसली घरशाळा उघडायची? आणि आईने काम सोडून घरी बसायचं, तर चूल कशावर पेटायची?

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. उत्तर ठरलेलंच होतं: "पोरांना कुठे काय कळतं? जात तर तुम्हीच काढताय." मग लेखी अर्ज दिला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणं जसं बंद आहे, तसा मानसिक छळही बंद आहे, हे त्यात लिहिलं. आणखी दोन आयांनी सह्या केल्या. विषय शाळा व्यवस्थापन समितीत नेला. माफी कुणी मागितली नाही. पण आता माहितीची चिठ्ठी पालकांकडे घरी येते. वर्गात जातीवर कुणाला उभं करत नाहीत. विजय छोटा आहे, पण तो बाराही मुलांचा आहे.

आता मूळ मुद्दा. घरी शिकवणं ही काही नवी, क्रांतिकारी कल्पना नाही. जातिव्यवस्था हीच या देशातली सर्वात जुनी घरशाळा आहे. भटाच्या पोराने मंत्र घरात शिकायचे, चांभाराच्या पोराने चामडं घरात कापायचं, महाराच्या पोराने बापामागून गावकीची कामं शिकायची. ज्याचं ज्ञान त्याच्या घरात बंद. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका छपराखाली, एकाच पुस्तकातून शिकणार, ही गोष्ट या व्यवस्थेला सहन होणारी नव्हती. म्हणून १८४८ साली पुण्यात शाळा उघडणाऱ्या सावित्रीबाईंना शेण-दगड झेलावे लागले. म्हणून जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुंबई सरकारने अन्याय मान्य केला, पण म्हटलं काय? हा एकटाच पुढे आलाय, एकट्यासाठी सगळी शाळा मोडता येणार नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुढे आपल्या लेखनात मांडलं. व्यवस्था आपल्याला नेहमी 'एकटा' ठरवून हरवते. आज आपल्यातला शिकलेला पालक एकेक करून बाहेर पडला, तर मागे राहणारा पुन्हा एकटा पडेल.

काही जण रामजीबाबांचा दाखला देतात, तेही घरी शिकवत. खरंच शिकवत. लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेला तो माणूस होता. घरशाळा चालवायला त्यांच्याइतका लायक बाप कोण असेल? तरीही ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचं नाव दाखल झालं. बसायला तरट घरून न्यावं लागे, तरी शाळा सुटली नाही. त्या तरटाचा मी गौरव करत नाही, ते तरट आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणूनच लढायचं आहे. पण घरचा अभ्यास शाळेच्या जोडीला होता, शाळेच्या जागी नव्हता, हे विसरू नका.

कुणी म्हणेल, "म्हणजे लेकरांना लढाईत ढकलायचं?" नाही. लढाई पालकांनी करायची, लेकराने शिकायचं. मुलाला मारहाण होत असेल, त्याच्या जिवाला घोर लागला असेल, तर थांबू नका, शाळा बदला. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांसाठी कायद्यानेच घरी शिकण्याची सोय ठेवली आहे. पण निव्वळ सोयीसाठी, पैसा आहे म्हणून बाहेर पडणं आणि त्याला समतेचं नाव देणं, हे मला मान्य नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 'समूह शाळां'त गुंडाळायची भाषा सरकारने २०२३ मध्येच केली आहे. २०२४ मध्ये पंचवीस टक्के राखीव प्रवेशातून खाजगी शाळांना सूट देऊ पाहिली, ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. दार बंद करायला बाहेरचे टपलेले असताना आतून आपणच बाहेर कसे पडायचे?

मग या जूनमध्ये काय करायचं? पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत मूल असेल, तर व्यवस्थापन समितीत जा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा, असं कायदा सांगतो. तक्रार तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. आणि घरशाळेचं ते सुंदर वेळापत्रक भिंतीवरून काढून विहारात लावा. संध्याकाळी दोन तास, वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी. वाचन, गणित, चित्रं आणि फुले-आंबेडकर. संग्रहालयात एका मुलाला नेता, तिथे पंधरा न्या.

त्या जोडप्यालाही मी हेच सांगितलं. अजून आठवडा आहे, विचार करताहेत. माझ्या मुलीचं दप्तर भरून तयार आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.