डोळ्यांत उतरणारी साखर



पिंपळगाव बसवंतच्या परिसरात पोट भरणाऱ्या माणसाचे निम्मे काम डोळ्यांवर चालते. द्राक्षाच्या घडाची विरळणी करताना कात्रीचे टोक नेमके कोणत्या मण्याच्या देठाला लावायचे, हे नजर ठरवते. टोमॅटोच्या मार्केटमध्ये डागी माल नजरेनेच बाजूला काढावा लागतो. कांद्याच्या शेडमध्ये निवड करणाऱ्या आयाबहिणी, आग्रा रोडवर रात्रीची गाडी चालवणारा भाऊ, शिलाई मशीनवर बसलेली ताई, यांची नजर अधू झाली की रोज बुडाला. आणि रोज बुडाला की मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून घरातल्या तेल-मिठापर्यंत सगळ्यालाच ओढ लागते. म्हणून मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू लागले तर ते आम्हाला मान्य नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांत घाम गाळणारे पुष्कळ आहेत.

साखर वाढली की पायाची जखम भरत नाही, एवढे आता घरोघरी माहीत झाले आहे. डोळ्याचे मात्र ध्यानात येत नाही. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. समोरचे चित्र त्या पडद्यावर उमटते, तेव्हा आपल्याला दिसते. या पडद्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, झिरपू लागतात. पडद्याच्या मध्यभागी सूज आली की वाचता येत नाही, समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. पुढे काही वाहिन्या बंद पडतात. मग रक्तासाठी आसुसलेला पडदा नव्या वाहिन्या फुटवतो, पण त्या इतक्या कच्च्या असतात की एखाद्या दिवशी फुटून डोळ्यात रक्त उतरते.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की, हे होत असताना काही दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. आतला पडदा बराच खराब होईपर्यंत माणसाला सुईत दोरा ओवता येतो. "मला तर सगळे स्वच्छ दिसते," हे वाक्य मधुमेह असलेल्या माणसाच्या तोंडून आले तर त्यावर विसंबून राहू नये.

दुसरा गैरसमज शिबिरांचा. गावात डोळे तपासणीचे शिबिर होते. तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतात, मोतीबिंदू आहे का ते पाहतात, चष्मा देतात. हे काम चांगलेच आहे. मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो, तेव्हा त्याचाही उपयोग आहे. परंतु चष्म्याचा नंबर काढला म्हणजे आतला पडदा पाहिला, असे होत नाही. शिवाय साखर खाली-वर होत असली की नंबरही बदलत राहतो. म्हणून साखर काही आठवडे आटोक्यात आल्यावरच नवा चष्मा करावा, नाहीतर पैसे वाया जातात.

या विषयावर लिहिताना बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांना मधुमेह होता. १९५४ साली जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांची दृष्टीही क्षीण झाली होती. ज्यांनी राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी, त्यांना अखेरच्या काळात वाचनासाठी डोळे साथ देईनात! तरीही ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागून घेतले होते. त्या काळी डोळ्याच्या पडद्यावर लेसरचा उपचार जगात कुठेही नव्हता, कारण लेसरचा शोधच १९६० साली लागला. बाबासाहेबांना जे मिळू शकले नाही ते आज मजुरालाही मिळू शकते.

हा उपचार खरोखर उपयोगी पडतो. वेळेवर लेसर केल्यास दृष्टी पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून १९७६ सालीच दिसून आले. पडद्याला सूज असेल तर आता डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लेसरने असलेली दृष्टी राखली जाते, गेलेली बहुधा परत येत नाही. म्हणून चांगले दिसत असतानाच जायचे.

प्रौढ वयात मधुमेह निघाला की त्याच वेळी पडदा तपासून घ्यावा आणि पुढे वर्षातून एकदा, डॉक्टरांनी लवकर बोलावले तर त्याप्रमाणे. आधीपासून मधुमेह असलेल्या सुनेला किंवा लेकीला दिवस गेले तर पहिल्या महिन्यांतच तपासणी करावी, कारण गरोदरपणात हा त्रास वेगाने वाढू शकतो. तपासणीत थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास जवळचे अंधुक दिसते, उन्हाने डोळे दिपतात. मोटारसायकल घेऊन एकट्याने जाऊ नये, सोबत कोणीतरी न्यावे. म्हणजे घरातल्या दोघांचा खाडा! आम्हाला याची कल्पना आहे. पण हा खाडा आपल्या सोयीने धरता येतो. द्राक्षाचा हंगाम संपल्यावर किंवा एप्रिलच्या खरड छाटणीचे काम उरकल्यावर एक दिवस ठरवून ठेवावा. पिंपळगावच्या सरकारी दवाखान्यात रक्तातली साखर तपासून घ्यावी आणि "पडद्याची तपासणी कुठे होईल?" असे स्पष्ट विचारावे. नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलला पाठवले तर चिठ्ठी आणि जुने कागद घेऊन जावे. मोठा खर्च सांगितला तर घाबरून परत फिरू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. साखर कधी तपासलीच नसेल तर वस्तीतल्या आशाताईंना विचारा. तिशीपुढच्या माणसांची ही तपासणी सरकारी योजनेतच आहे.

डॉक्टर आपले काम करतील, पण वर्षाचे बाकीचे दिवस आपल्या हातात असतात. गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. रक्तदाब सांभाळावा. रक्तदाब ताब्यात ठेवल्याने मधुमेहींची नजर वाचते, हे १९९८ सालच्या ब्रिटनमधील अभ्यासाने दाखवले आहे. बिडी, तंबाखू सोडावी, आणि मिश्रीही! मिश्रीचे नाव काढले की आमच्या काही भगिनी नाराज होतात, पण ती जाळलेली तंबाखूच आहे. बुद्ध पौर्णिमेची खीर घ्यायची तर वाटीभर नको, दोन चमचे घ्या. बागेतून आणलेली द्राक्षे पाटी समोर ठेवून खाल्ली तर साखर वाढणारच.

डोळ्यात मध किंवा कांद्याचा रस घालणे ताबडतोब थांबवावे. ते औषध पडद्यापर्यंत पोहोचत तर नाहीच, वर बुबुळाला इजा होते. एकाएकी डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा कोळिष्टके तरंगू लागली, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर रविवार-सोमवार न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

एक विनंती जयंती मंडळांना. जयंतीनिमित्त आपण आरोग्य शिबिरे घेता. यंदा डॉक्टरांना बोलावताना एवढेच विचारा, की मधुमेहींचा पडदा पाहण्याची सोय करता येईल का? आता डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे निघाले आहेत. तो फोटो दूरच्या शहरातले डॉक्टरही पाहून सांगू शकतात. शिबिराच्या आदल्या आठवड्यात वस्तीतल्या मधुमेह असलेल्यांची यादी करा, आणि ज्यांच्या सोबतीला कोणी नाही त्यांच्याबरोबर मंडळातला एक तरुण द्या.