पेर लावालची समाधी आणि आपली भीती

दरवर्षी ८ सप्टेंबरची संध्याकाळ झाली की आपल्या बेटावरची माणसे पोर्ट लुईच्या वाटेला लागतात. कोणी वाक्वाहून, कोणी कात्र-बोर्नहून, कोणी थेट माएबुर्गहून पायी निघते. ९ सप्टेंबर हा पेर लावाल यांचा मृत्युदिन. सेंत-क्रुवा येथील त्यांच्या समाधीपुढे रात्रभर मेणबत्त्या तेवत असतात. त्या रांगेत कॅथलिक तर असतातच, पण हिंदू, तमिळ, मुसलमान, चिनीही असतात, आणि आपली मराठी माणसेही असतात. आदल्या आठवड्यात गणपतीला दूर्वा वाहिलेले हातच तेथे फुले ठेवताना आम्ही पाहिले आहेत.

यात आम्हाला काहीच वावगे वाटत नाही. एकमेकांच्या देवापुढे हात जोडणे ही या बेटाची चांगली सवय आहे. परंतु एक प्रश्न मनात येतो. आपण तेथे जातो ते बहुधा भीती घेऊन. घरात आजार, मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, परीक्षा. आपण नवस बोलतो, मेणबत्ती लावतो आणि परत येतो. मग ती भीती तेथे राहते, की आपल्याबरोबरच बसमध्ये बसून घरी येते?

हा प्रश्न आम्हाला सुचला तो एका विद्यार्थिनीमुळे. सहावीतली हुशार मुलगी. सी.पी.ई. गेली, पी.एस.ए.सी. आली, परीक्षेचे नाव बदलले, भीती तीच राहिली. सप्टेंबर लागला तशी ही मुलगी गप्प झाली. डबा उघडत नसे, लिहिताना हात थरथरत. आम्ही तिला जवळ बोलावून म्हटले, “भिऊ नकोस.” ती खाली बघत म्हणाली, “गुरुजी, सगळे हेच सांगतात. आईने पेर लावालला नवस केला आहे. आता मी नापास झाले तर आईचा नवसही फुकट जाईल.”

आम्हाला उत्तर सुचले नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मुलांच्या मनाविषयी पुष्कळ शिकविले होते, आणि तरीही आम्ही तेच दोन पोकळ शब्द उच्चारले होते. त्या बिचारीच्या डोक्यावर आधी परीक्षेचे ओझे होते, त्यात आईने नवसाची भर घातली आणि आम्ही उपदेशाची.

त्या रात्री मनात आले की ज्यांच्या समाधीला आपण नवस करतो, त्यांचा धर्म भीतीविषयी काय सांगतो, हे तरी आपण कधी नीट पाहिले आहे का?

येथे काही वाचक भुवया उंचावतील. मराठी पानावर ख्रिस्ती धर्माची चर्चा कशाला? त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की हा धर्म मराठीला परका नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या रत्नागिरीच्या मुलखातून येथे आले, त्याच जिल्ह्यात १८६१ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्मले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे अभंगाच्या चालीवर त्यांनी ख्रिस्ताची भक्ती गाइली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी ख्रिस्ती झाल्या नाहीत. विटाळाची आणि धर्म बुडण्याची भीती त्यांना होती. पुढे त्या पतीकडे परतल्या, ख्रिस्ती झाल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपली ती भीती त्यांनी हसत-हसत, काहीही न लपविता लिहून ठेवली. धर्म बदला असे आम्ही कोणालाच सांगत नाही. शेजाऱ्याच्या घरात दिवा असेल तर त्याचा उजेड आपल्या अंगणात पडू द्यावा, इतकेच आमचे म्हणणे.

बायबलमध्ये वादळाची एक गोष्ट आहे. येशू आणि त्याचे शिष्य होडीतून सरोवर ओलांडत असताना वादळ होते, लाटा होडीत शिरतात, आणि येशू मात्र झोपलेला असतो. शिष्य त्याला हलवून जागे करतात आणि रागावून विचारतात की आम्ही बुडतो आहोत, याचे तुला काहीच नाही का? तो उठून वारा शांत करतो आणि मग त्यांच्या अल्पविश्वासाबद्दल विचारतो. सिक्लोनच्या देशात राहणाऱ्या आपणांस ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १९६० सालची कारोल आणि १९७५ सालची जेर्वेज ज्यांनी पाहिली, त्यांना पत्रा उडण्याचा आवाज अजून आठवतो. २०२४ च्या जानेवारीत बेलाल आले तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून जाताना आपण पाहिल्या. आम्हाला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते हे, की शिष्यांनी आपली भीती लपविली नाही. त्यांनी ती देवाच्या तोंडावर सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात. आणि त्याने आधी वादळ थांबविले, बोलणे नंतर.

त्याहून मोठी गोष्ट गेथशेमाने बागेतली. मरणाच्या आदल्या रात्री स्वतः येशूच व्याकूळ झाला. हे दुःख टळावे अशी त्याने प्रार्थना केली आणि मित्रांना सांगितले की माझ्याबरोबर जागे राहा. मित्र झोपी गेले. ज्याला ख्रिस्ती लोक देव मानतात, त्यालाही भीती वाटली आणि त्यालाही सोबत हवीशी वाटली! मग आपल्या घरातले मूल भ्याले तर आपण त्याला भित्रा का म्हणावे? आपल्याकडे पुरुषाने रडू नये, बाईने बोलू नये आणि मुलाने उलट विचारू नये अशी रीत आहे. त्यामुळे घरोघरी भीती आहे आणि तिला बोलायला जागा नाही.

आता पेर लावाल यांच्याकडे वळू. झाक-देझिरे लावाल १८०३ साली फ्रान्समधील नॉर्मंडीत जन्मले. ते शिकून डॉक्टर झाले, मग वैद्यकी सोडून १८३८ साली धर्मगुरू झाले आणि १४ सप्टेंबर १८४१ रोजी या बेटावर उतरले. १८३५ साली येथे गुलामी कायद्याने संपली होती. परंतु सुटलेल्या माणसांना ना घर होते, ना शाळा, ना मान. लावाल त्यांच्यात राहिले, त्यांची क्रेओल बोली शिकले आणि १८६४ साली मरेपर्यंत, तब्बल तेवीस वर्षे, येथेच राहिले. १८५४ साली कॉलऱ्याने बेटावर हजारो माणसे दगावली. आम्हा शिक्षकांना विशेष वाटते ते हे, की त्यांनी सगळे काम आपल्या एकट्याच्या हातात ठेवले नाही. कालपर्यंत गुलाम असलेल्या स्त्री-पुरुषांनाच शिकवून तयार केले आणि आजाऱ्यांच्या दारी, अडलेल्यांच्या दारी पाठविले. ज्यांनी जन्मभर मालकाच्या चाबकाची भीती बाळगली, त्यांच्या हाती दुसऱ्याचे दुःख सोपविले. भ्यालेल्या माणसाला यापेक्षा मोठा मान कोणता? १९७९ साली रोमला पोपनी लावाल यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले; पण या बेटाच्या गरिबांनी तो निर्णय शंभर वर्षे आधीच देऊन टाकला होता.

ही शिकवण एवढीच आहे. भीती मोकळेपणाने सांगावी, सोबत मागावी, आणि हात दुसऱ्याच्या कामाला लावावे. उद्याची काळजी आज डोक्यावर घेऊ नका, आजचे दुःख आजला पुरेसे आहे, हा येशूचा उपदेशही त्यातलाच. नवसात मात्र आपण देवाशी व्यवहार करतो. तू हे दे, मी ते देईन. व्यवहार फिसकटला तर काय, ही नवी भीती त्यातूनच जन्मते. श्रद्धेत असा व्यवहार नसतो. निकाल काहीही लागो, आपण एकटे नाही, एवढाच तिचा आधार.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रार्थनेने सगळे बरे होते, डॉक्टर नको, असे कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. लावाल स्वतः डॉक्टर होते, हे विसरू नका. महिनोन्‌महिने झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर दवाखान्यात जावे. मनाच्या आजारात लाज कसली? मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतोच की!

त्या मुलीचे पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी आम्ही तिला उपदेश केला नाही. तिच्याजवळ बसलो आणि कशाकशाची भीती वाटते ते सगळे कागदावर लिही म्हणालो. पानभर झाले. शेवटची ओळ होती, आई बोलणार नाही याची. मग तिला एक काम दिले. पहिलीतल्या एका मुलाला मराठी अक्षरे जमत नव्हती; रोज दहा मिनिटे त्याला शिकवायचे. तो ‘झ’ उलटा काढी आणि ही खळखळून हसे. तिच्या आईलाही बोलावून तो कागद वाचायला दिला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गुरुजी, नवस माझा आहे. पोरीच्या मार्कांशी त्याचा संबंध नाही, हे मी आजच तिला सांगते.”

गुण किती मिळाले ते आम्ही येथे लिहीत नाही, कारण मग वाचक पुन्हा गुणांकडेच पाहतील. परीक्षेच्या सकाळी तिने डबा खाल्ला, एवढे सांगतो.

यंदाच्या सप्टेंबरात सेंत-क्रुवाला जरूर जा, मेणबत्ती लावा. मात्र निघण्यापूर्वी घरातल्या मुलाला जवळ बसवून एकदा विचारा, “तुला कशाची भीती वाटते रे?” आणि तो बोलत असताना मध्येच ‘भिऊ नकोस’ म्हणू नका.