सोन्याची पिन

'सोन्याचा मुलामा आहे, चित्र उजळ दिसेल,' असे बोईसरच्या एका दुकानदाराने सांगितले आणि आम्ही बाराशे रुपयांची एचडीएमआय केबल घेतली. बाबांचा तारापूर एमआयडीसीतला दोन रात्रींचा ओव्हरटाइम त्यात गेला. मी कॉलेजात शिकतो, म्हणून निवड माझ्यावर सोपवली होती!

डिजिटल संदेश शून्य आणि एक या आकड्यांचा. तो पोचतो किंवा तुटतो. मुलाम्याने उजळत नाही. मुलामा गंज रोखतो, इतकेच. (आमच्या खाऱ्या हवेत तेही थोडके नव्हे.) पाहायचा असतो वेग : २०१३ च्या २.० प्रमाणाला सेकंदाला १८ गिगाबिट, २०१७ च्या २.१ ला ४८. आमच्या फुल एचडी संचाला स्वस्तातली 'हाय स्पीड' केबल पुरली असती. एवढे दोन शब्द वेष्टनावर मराठीत का नसावेत?

बाबा अजून पाहुण्यांना ती सोनेरी पिन काढून दाखवतात. मी गप्प बसतो.